कृषी अर्थतज्ज्ञाच्या संशोधनाचे मोजमाप : बंगळुरूतील अनुभव आणि काही प्रश्न

विद्यापीठात प्राध्यापकपदासाठी अर्ज करणाऱ्या उमेदवाराला आज दोन आकडे हमखास विचारले जातात. त्याचे किती शोधनिबंध प्रसिद्ध झाले, हा पहिला; आणि त्या निबंधांचा इतर अभ्यासकांनी आपल्या लेखनात किती वेळा संदर्भ दिला, हा दुसरा. या दुसऱ्या आकड्याला इंग्रजीतून आलेला ‘सायटेशन’ हा शब्द सर्रास वापरला जातो. मराठीत त्याला ‘संदर्भोल्लेख’ म्हणता येईल. पदोन्नती, संशोधन प्रकल्पासाठी मिळणारे अनुदान, संस्थेचा राष्ट्रीय क्रमवारीतील क्रमांक अशा अनेक निर्णयांत या आकड्यांना स्थान मिळाले आहे. भौतिकशास्त्र किंवा जीवशास्त्र यांसारख्या विषयांत त्यांचा उपयोग कसा व किती व्हावा, याची चर्चा पुष्कळ झाली आहे. मात्र ज्याच्या अभ्यासाचा विषय एखाद्या तालुक्यातील विहीर, बाजार समिती किंवा पतपुरवठा हा असतो, त्या कृषी अर्थतज्ज्ञाच्या बाबतीत हे मोजमाप काय सांगते आणि काय सांगत नाही, याचा विचार त्या मानाने कमी झाला आहे.

हा विचार करण्यासाठी बंगळुरू हे शहर सोयीचे आहे. कृषी अर्थशास्त्राच्या संशोधनाची दोन महत्त्वाची केंद्रे तेथे आहेत. १९६४ मध्ये स्थापन झालेले कृषिविज्ञान विद्यापीठ हे एक, आणि डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी १९७२ मध्ये स्थापन केलेली ‘इन्स्टिट्यूट फॉर सोशल अँड इकॉनॉमिक चेंज’ ही संस्था दुसरी. शिवाय, ग्रंथ व लेख यांच्या वापराची संख्याशास्त्रीय मोजणी करावी ही कल्पना मांडणारे एक आद्य विचारवंतही याच शहराशी जोडलेले आहेत.

मोजणीची पूर्वपीठिका

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन हे मूळचे गणिताचे अध्यापक. ग्रंथालयातील देवघेव, वाचकांची वर्दळ, ग्रंथांची मांडणी यांना संख्याशास्त्राची पद्धत लावावी, असे त्यांनी १९४८ मध्ये इंग्लंडमधील लेमिंग्टन स्पा येथील परिषदेत सुचविले आणि या नव्या शाखेला ‘लायब्रमेट्री’ असे नाव दिले. पुढे १९६२ मध्ये भारतीय सांख्यिकी संस्थेच्या अंतर्गत बंगळुरू येथे त्यांनी प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र सुरू केले. ‘बिब्लिओमेट्रिक्स’ म्हणजे ग्रंथमिती हा आज रूढ असलेला शब्द १९६९ मध्ये, म्हणजे रंगनाथन यांच्या सूचनेनंतर दोन दशकांनी प्रचारात आला. ग्रंथाचे सार्थक त्याच्या वापरात आहे, ही रंगनाथन यांची दृष्टी होती. पुढील विवेचनात तिचा उपयोग होणार आहे.

संदर्भोल्लेखांची पद्धतशीर सूची तयार करण्याचे श्रेय अमेरिकेतील युजीन गारफिल्ड यांच्याकडे जाते. एखाद्या निबंधात कोणकोणत्या पूर्वीच्या निबंधांचे दाखले आहेत याची नोंद केली, की तीच नोंद उलट बाजूने वाचून एखाद्या जुन्या निबंधाचा पुढे कोणी कोणी उपयोग केला, हे कळू शकते. या साध्या तत्त्वावर १९६४ मध्ये विज्ञान विषयांची आणि १९७३ मध्ये सामाजिक शास्त्रांची सूची प्रसिद्ध होऊ लागली. या सूचीचा मूळ हेतू संशोधकाला आपल्या विषयाचे साहित्य शोधता यावे, हा होता. संशोधकाची प्रत ठरविण्यासाठी तिचा वापर नंतर वाढत गेला. २००४ मध्ये ‘स्कोपस’ व ‘गुगल स्कॉलर’ ही साधने आली आणि जी माहिती मोजक्या ग्रंथालयांत मिळत असे, ती संगणकाच्या पडद्यावर क्षणार्धात दिसू लागली.

२००५ मध्ये जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने संशोधकाची कामगिरी एकाच अंकात व्यक्त करणारा ‘एच-निर्देशांक’ सुचविला. एखाद्या संशोधकाच्या किमान ‘एच’ इतक्या निबंधांना प्रत्येकी किमान ‘एच’ इतके संदर्भोल्लेख मिळाले असतील, तर त्यातील सर्वांत मोठी संख्या हा त्याचा एच-निर्देशांक होय.

आकडे कसे वाचावेत?

ही व्याख्या एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका संशोधकाचे पाच निबंध आहेत आणि त्यांना अनुक्रमे ४०, १२, ६, ४ व १ असे संदर्भोल्लेख मिळाले आहेत. एकूण संख्या ६३. चार निबंधांना प्रत्येकी किमान चार उल्लेख आहेत. पाच निबंधांना प्रत्येकी पाच नाहीत. म्हणून एच-निर्देशांक ४. आता दुसऱ्या संशोधकाचेही पाच निबंध घेऊ. त्यातील एकाला ३०० उल्लेख मिळाले आणि उरलेल्या चारांना प्रत्येकी दोन. एकूण संख्या ३०८ झाली, पण एच-निर्देशांक २ एवढाच राहिला. पहिला संशोधक सातत्याने उपयुक्त काम करणारा आहे, तर दुसऱ्याच्या एकाच निबंधाने विषयाला वळण दिले असण्याची शक्यता आहे. त्या दोघांत श्रेष्ठ कोण, हे केवळ निर्देशांकावरून ठरविता येत नाही. त्यासाठी निबंध वाचावे लागतात.

कृषी अर्थशास्त्राच्या बाबतीत आणखी काही सावधगिरी आवश्यक आहे.

पहिली बाब स्रोताची. एकाच व्यक्तीची संदर्भोल्लेखसंख्या निरनिराळ्या साधनांत निरनिराळी दिसते. ‘स्कोपस’सारखी सूची निवडक नियतकालिकांपुरती मर्यादित असते, तर ‘गुगल स्कॉलर’ अहवाल, प्रबंध, परिषदेतील निबंध व ग्रंथ यांतील दाखलेही टिपते. या क्षेत्रातील बरेचसे भारतीय लेखन १९४६ पासून निघणारे ‘इंडियन जर्नल ऑफ ॲग्रिकल्चरल इकॉनॉमिक्स’, १९६६ पासूनचे ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’, गोखले संस्थेचे ‘अर्थविज्ञान’ अशा देशी नियतकालिकांत आणि शासकीय अहवालांत झाले आहे. म्हणून कोणत्या साधनातून आकडा घेतला, हे सांगितल्याशिवाय तो आकडा अपुरा आहे.

दुसरी बाब कालावधीची. नियतकालिकाचा ‘प्रभाव गुणांक’ काढताना सामान्यतः मागील दोन वर्षांतील निबंधांना मिळालेले उल्लेख विचारात घेतले जातात. प्रयोगशाळेतील वेगवान विषयांना हा कालावधी पुरत असेल. शेतीच्या अभ्यासात दोन वर्षे म्हणजे दोन खरीप आणि दोन रब्बी. एका हंगामाची पाहणी, तिचे विश्लेषण आणि प्रसिद्धी यांतच तेवढा काळ निघून जातो. त्यामुळे त्या पाहणीवर आधारलेले दुसऱ्याचे काम प्रकाशित होईपर्यंत दोन वर्षांची खिडकी बंद झालेली असते.

तिसरी बाब लेखनप्रकाराची. संदर्भसूचींची रचना मुख्यतः नियतकालिकांतील निबंध डोळ्यांसमोर ठेवून झाली. ग्रंथांची नोंद त्यांत बराच काळ मागे राहिली. बंगळुरूच्या संस्थेत दीर्घकाळ काम केलेले प्रा. एम. व्ही. नाडकर्णी यांचा भारतातील शेतकरी चळवळींवरील ग्रंथ १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा ग्रंथाचे वजन निबंधांच्या मापाने तोलणे कठीण असते.

विहिरीच्या अर्थशास्त्राचे उदाहरण

स्थानिक प्रश्नावरील अभ्यास जागतिक विद्वत्तेत कसा प्रवेश करतो, याचे एक चांगले उदाहरण बंगळुरूच्या कृषिविज्ञान विद्यापीठात झालेल्या भूजलविषयक कामात आढळते. प्रा. एम. जी. चंद्रकांत यांनी तेथे अनेक वर्षे अध्यापन व संशोधन केले आणि पुढे ते ‘इन्स्टिट्यूट फॉर सोशल अँड इकॉनॉमिक चेंज’चे संचालकही झाले. जेफ रॉम यांच्यासमवेत भारतातील भूजलाच्या ऱ्हासावर त्यांनी लिहिलेला निबंध १९९० मध्ये अमेरिकेतील ‘नॅचरल रिसोर्सेस जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. १९९७ मध्ये एन. नागराज व चंद्रकांत यांचा, विहिरी निकामी होण्याचे आजच्या व पुढील पिढ्यांतील समन्यायावर होणारे परिणाम तपासणारा निबंध ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आला. या दीर्घ अभ्यासाचे एकत्रित रूप म्हणजे पाण्याच्या अर्थशास्त्रावरील चंद्रकांत यांचा २०१५ मधील ग्रंथ होय.

या कामामागील प्रश्न कोलार, चिक्कबळ्ळापूर, तुमकुरू या कोरडवाहू जिल्ह्यांतील शेतकऱ्याच्या रोजच्या अनुभवातला आहे. तेथील खडक ग्रॅनाइट व नाईस जातीचा. त्यात पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि खालच्या भेगांत. पारंपरिक तळी निकामी होत गेली, उघड्या विहिरी आटल्या आणि शेतकरी विंधन विहिरींकडे वळला. एकाने बोअर घेतली की शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी उतरते. शेजारी अधिक खोल जातो आणि पहिल्याची बोअर कोरडी पडते. अर्थशास्त्रात याला परस्परांवर लादलेला बाह्य खर्च म्हणतात. हा खर्च कोणत्याही पावतीवर लिहिलेला नसतो, म्हणून तो हिशेबातून निसटतो.

तो हिशेबात कसा आणावा? पंपाची वीज मोफत किंवा सवलतीत मिळत असल्याने वरवर पाहता पाणी फुकट भासते. प्रत्यक्षात पाण्याचा खरा खर्च विहीर खोदण्यात, आणि विशेषतः निकामी ठरलेल्या विहिरींत असतो. समजा, एका शेतकऱ्याने प्रत्येकी एक लाख रुपये खर्चून तीन बोअर घेतल्या. दोन कोरड्या गेल्या. तिसरी पाच वर्षे चालली आणि तिच्यातून वर्षाला १०० एकर-इंच पाणी मिळाले. एक एकर-इंच म्हणजे एक एकर क्षेत्रावर एक इंच उंचीचे पाणी, सुमारे एक लाख तीन हजार लिटर. केवळ चालू बोअरचा खर्च धरला तर वर्षाला २० हजार रुपये, म्हणजे एकर-इंचाला २०० रुपये पडतात. तिन्ही बोअरचा खर्च धरला तर वर्षाला ६० हजार रुपये, म्हणजे एकर-इंचाला ६०० रुपये होतात. व्याज तर यात धरलेलेच नाही. पाण्याचा दर असा तिपटीने वाढला की जे पीक कागदावर नफ्यात दिसत होते, ते तोट्यात असल्याचे उघड होते. चंद्रकांत व त्यांच्या सहकाऱ्यांनी विहिरींवरील गुंतवणूक तिच्या उपयुक्त आयुष्यावर, व्याजासह, वाटून पाण्याचा खर्च काढण्याची ही पद्धत क्षेत्रीय पाहणीच्या आधारे विकसित केली.

महाराष्ट्रातील वाचकाला हा प्रश्न परका वाटणार नाही. येथील खडक बेसाल्टचा, पण तोही कठीणच. मराठवाड्यात मोसंबीच्या बागेसाठी एकामागून एक बोअर घेणारा शेतकरी याच हिशेबाच्या कचाट्यात असतो. जमिनीखालचे पाणी जमीनमालकाचे, ही १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याच्या आधारे रूढ झालेली समजूत दोन्ही राज्यांत सारखीच. भूजल नियमनासाठी महाराष्ट्राने २००९ चा आणि कर्नाटकाने २०११ चा अधिनियम केला. तरीही विहिरी-विहिरींतील स्पर्धा संपली असे म्हणता येत नाही.

आता मोजमापाच्या दृष्टीने पाहू. अशा निबंधाचा दाखला भूजलावर लिहिणारा दुसऱ्या देशातील संशोधक देतो, तेव्हा त्याची नोंद सूचीत होते. एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने हीच पद्धत आपल्या तालुक्याला लावली आणि त्याचा प्रबंध विद्यापीठाच्या ग्रंथालयातच राहिला, तर ती बहुधा होत नाही. बँकेच्या अधिकाऱ्याने नव्या बोअरसाठी कर्ज मंजूर करताना जुन्या निकामी बोअरचा खर्च विचारात घेतला, तर ती मुळीच होत नाही. वास्तविक तिन्ही ठिकाणी संशोधनाचा वापर झालेला आहे.

अहवालांचे अदृश्य जग

कृषी अर्थतज्ज्ञाच्या कामाचा मोठा भाग अहवालांच्या रूपात असतो. केंद्रीय कृषी मंत्रालयाने १९५४ पासून निरनिराळ्या राज्यांत कृषी-आर्थिक संशोधन केंद्रांची मालिका उभी केली. पुण्यातील गोखले संस्थेचे केंद्र हे आरंभीच्या केंद्रांपैकी एक. बंगळुरूच्या संस्थेतील कृषी विकास व ग्रामीण परिवर्तन केंद्र हे याच मालिकेतील. गावांच्या पाहण्या, त्याच गावांच्या काही वर्षांनी केलेल्या फेरपाहण्या, किमान आधारभूत किमतीची परिणामकारकता, पीकविमा, सिंचन योजनांचे मूल्यमापन असे विषय मंत्रालय सुचविते आणि केंद्रे अहवाल देतात. या अहवालांवर निर्णय होतात, योजनांत फेरबदल होतात. परंतु अशा अहवालांपैकी बहुसंख्य कोणत्याही संदर्भसूचीत दिसत नाहीत.

शेतकरी आत्महत्यांचा अभ्यास हे याचे गंभीर उदाहरण आहे. कर्नाटकात या प्रश्नाचा विचार करण्यासाठी डॉ. जी. के. वीरेश यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २००२ मध्ये अहवाल दिला. त्याच वर्षी बंगळुरूच्या संस्थेतील प्रा. आर. एस. देशपांडे यांचा कर्नाटकातील शेतकरी आत्महत्या व त्यांवरील उपाय या विषयावरील निबंध ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त प्रसिद्ध झाला. एका कारणावर बोट ठेवण्याऐवजी कर्ज, पिकाचे अपयश, कौटुंबिक व सामाजिक ताण यांची गुंतागुंत समजून घ्यावी, हा अशा अभ्यासांचा रोख होता. २०१० मध्ये देशपांडे व सरोजा अरोरा यांनी संपादित केलेला या विषयावरील ग्रंथ निघाला. महाराष्ट्रातही मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्देशानुसार टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने २००५ मध्ये, तर इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेतील सृजित मिश्र यांनी २००६ मध्ये आपले अभ्यास सादर केले. त्यांचे मोल केवळ किती निबंधांनी त्यांचा दाखला दिला यावर ठरवू नये, असे कोणीही समंजस माणूस म्हणेल. शासनाला प्रश्न समजला का, आणि आपद्ग्रस्त कुटुंबापर्यंत मदत योग्य वेळी पोहोचली का, या कसोट्या अधिक कठोर आहेत.

कायद्याला तळटीप नसते

संदर्भोल्लेख आणि प्रत्यक्ष प्रभाव यांतील अंतर पुण्यातील एका सुप्रसिद्ध अभ्यासावरूनही दिसते. वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ यांचा ‘पॉव्हर्टी इन इंडिया’ हा अभ्यास जानेवारी १९७१ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’च्या दोन अंकांत प्रसिद्ध झाला. दररोज माणशी २,२५० उष्मांकांच्या आहाराचा निकष लावून १९६०-६१ च्या किमतींना ग्रामीण भागात महिना १५ रुपये व शहरी भागात २२.५० रुपये हा किमान खर्च त्यांनी धरला. त्यानुसार ग्रामीण लोकसंख्येपैकी सुमारे ४० टक्के व शहरी लोकसंख्येपैकी सुमारे ५० टक्के लोक दारिद्र्यात असल्याचे त्यांनी दाखविले. दारिद्र्य निवारणासाठी ग्रामीण भागात सार्वजनिक कामांतून रोजगाराची हमी द्यावी, असेही त्यांनी मांडले.

विद्वत्तेच्या जगात या अभ्यासाचा उल्लेख आजही होतो. रोजगार हमीची कल्पना मात्र अनेक वाटांनी पुढे गेली. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातील विसापूर येथे तिचा प्रयोग सुचविला होता. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात योजना विस्तारली, १९७७ मध्ये तिला कायद्याचे रूप मिळाले आणि २००५ मध्ये संसदेने राष्ट्रीय पातळीवर ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला. या प्रवासात लोकप्रतिनिधी, प्रशासक, चळवळी आणि अर्थतज्ज्ञ या सर्वांचा वाटा आहे. कोणाचा किती, हे काटेकोरपणे सांगणारी पद्धत उपलब्ध नाही, कारण कायद्याच्या कलमाखाली तळटीप देण्याची रीत नसते. म्हणून ज्या संशोधनाने धोरणाच्या चर्चेला आकडे पुरविले, त्याचा प्रभाव सूचीत दिसतो त्याहून कितीतरी मोठा असू शकतो.

मोजमापाचा अभ्यासविषयांवर परिणाम

आकडे सदोष असले तरी निरुपद्रवी असते, तर एवढी चर्चा करण्याचे कारण नव्हते. ज्या गोष्टीला गुण मिळतात तिकडे माणसाचे श्रम वळतात, हे अर्थशास्त्राचे साधे तत्त्व संशोधकालाही लागू पडते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमांत अध्यापकांच्या कामगिरीसाठी गुणांकन आणले. त्यानंतर पैसे घेऊन वाटेल ते छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक आले. त्याला आळा घालण्यासाठी २०१९ मध्ये आयोगाने मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी काढली; २०२५ मध्ये ती बंद झाल्याचे जाहीर झाले. कृषी क्षेत्रात राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमी नियतकालिकांना गुण देते आणि नेमणुकांच्या वेळी त्यांचा विचार होतो. शिस्त आणण्याचा यामागील हेतू योग्यच आहे.

प्रश्न उरतो तो अभ्यासविषयाच्या निवडीचा. तरुण संशोधकापुढे दोन पर्याय आहेत असे समजा. तालुक्यातील पन्नास शेतकऱ्यांच्या घरी वर्षभर जाऊन विहिरींचा हिशेब मांडायचा, हा एक. आयत्या उपलब्ध असलेल्या आकडेवारीवर प्रचलित गणिती प्रारूप चालवून सहा महिन्यांत तीन निबंध लिहायचे, हा दुसरा. दुसऱ्या प्रकारचे कामही आवश्यक असते आणि त्यात बुद्धी लागते. परंतु गुणपत्रिका केवळ निबंधांची व उल्लेखांची असेल, तर पहिला पर्याय निवडणारा मागे पडतो. त्याने आपले निष्कर्ष कन्नडमध्ये किंवा मराठीत, शेतकऱ्याला कळतील अशा भाषेत लिहिले, तर त्या लेखनाला बहुधा शून्य गुण मिळतात. कालांतराने क्षेत्रीय पाहणीचे कसब असलेली माणसेच दुर्मीळ होतात. ज्या तालुक्याचा कोणी अभ्यास करीत नाही, त्या तालुक्याविषयीचे धोरण सरासरीच्या आकड्यांवर ठरते, आणि त्याची किंमत तेथील शेतकऱ्याला मोजावी लागते.

जगभर या प्रश्नाची जाणीव वाढली आहे. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे तयार झालेल्या जाहीरनाम्याने नियतकालिकाच्या प्रभाव गुणांकावरून व्यक्तीचे मूल्यमापन करू नये, अशी भूमिका घेतली. २०१५ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या लायडेन जाहीरनाम्यातील दहा तत्त्वांपैकी एक तत्त्व, स्थानिक महत्त्वाच्या संशोधनाची गुणवत्ता जपावी, हेच आहे.

काय करता येईल?

संदर्भोल्लेखांची मोजणी टाकून द्यावी, असा याचा अर्थ नाही. ती नसेल तर ओळखी, वशिला आणि ज्येष्ठता यांनाच मोकळे रान मिळते. एखाद्या आडगावच्या महाविद्यालयातील अध्यापकाच्या निबंधाची दखल दूरदेशी घेतली गेली, हे दाखविण्याचे सामर्थ्य याच मोजणीत आहे. तिला योग्य जागी ठेवणे एवढेच अपेक्षित आहे. त्या दृष्टीने पुढील बाबी विचारार्थ मांडता येतील.

एक, कृषी अर्थतज्ज्ञाच्या कामाचे मूल्यमापन तीन वर्तुळांत करावे : अभ्यासकांचे, शासनाचे आणि शेतकऱ्यांचे. पहिल्यासाठी निबंध व संदर्भोल्लेख. दुसऱ्यासाठी शासकीय अहवाल, समित्यांचे काम व धोरणातील उपयोग. तिसऱ्यासाठी प्रादेशिक भाषेतील लेखन व विस्तारकार्य, असे पुरावे घ्यावेत.

दोन, निवड समितीने उमेदवाराकडून त्याच्या सर्व निबंधांच्या यादीबरोबरच त्याला स्वतःला महत्त्वाचे वाटणारे तीन-चार निबंध मागवावेत आणि ते प्रत्यक्ष वाचावेत. आकडा देताना तो कोणत्या साधनातून व कोणत्या तारखेला घेतला, स्वतःचेच दाखले त्यात किती आणि सहलेखक किती, हेही नोंदवावे.

तीन, कृषी-आर्थिक संशोधन केंद्रांचे सर्व जुने-नवे अहवाल क्रमांकासह खुल्या संगणकीय भांडारात ठेवावेत. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या ‘ॲगइकॉन सर्च’ या भांडारामुळे ‘इंडियन जर्नल ऑफ ॲग्रिकल्चरल इकॉनॉमिक्स’मधील निबंध जगभरच्या वाचकाला मोफत मिळू लागले. अहवालांच्या बाबतीतही हे सहज शक्य आहे. जो अहवाल सापडतच नाही, त्याचा दाखला कोणी देणार नाही.

चार, पाहणीतून जमविलेली मूळ आकडेवारी, शेतकऱ्यांची ओळख गुप्त ठेवून, इतरांच्या वापरासाठी उपलब्ध करणे हेही संशोधनकार्य मानावे आणि त्याला श्रेय द्यावे. विहिरींची वीस वर्षांची नोंद ही एखाद्या निबंधापेक्षा अधिक टिकाऊ देणगी ठरू शकते.

पाच, संशोधनाचा निष्कर्ष मराठी, कन्नड अशा भाषांत प्रसिद्ध करणे हा प्रकल्पाचाच भाग समजून त्यासाठी अनुदानात तरतूद असावी. मराठी अर्थशास्त्र परिषदेच्या ‘अर्थसंवाद’सारखी नियतकालिके या कामी उपयोगी पडू शकतात.

रंगनाथन यांनी ग्रंथालयाला गणित लावण्याची सूचना केली, तेव्हा ग्रंथ वाचकाच्या अधिक उपयोगी कसा पडेल, ही चिंता त्यामागे होती. संशोधनाच्या मोजमापामागेही तीच चिंता असावी. कोलारच्या किंवा जालन्याच्या शेतकऱ्याने चौथी बोअर घेण्यापूर्वी आधीच्या तीन बोअरचा हिशेब मांडला आणि त्याला कर्ज देणाऱ्या बँकेनेही तो मागितला, तर विहिरींच्या अर्थशास्त्राचा अभ्यास कारणी लागला असे समजावे. त्याची नोंद ठेवण्याची व्यवस्था करणे हे विद्यापीठे, संशोधन परिषदा आणि शासन यांचे संयुक्त कर्तव्य आहे.